आधी माप, मग माल

स्पोर्ट्‌स कारवाला वळणात एकदा घाबरला की दुकानाची पायरी चढतो. तिथं त्याला ठरलेल्या चार वस्तू मिळतात: आखूड स्प्रिंग, कडक शॉकअप, जाड अँटी-रोल बार आणि पॉलीयुरेथेनचे बुश. बिल होतं, गाडी खाली बसते, फोटो छान येतो. पण ती घाबरवणारी मागची चाकं वळणात नेमकं काय करत होती, हे या सगळ्या व्यवहारात कुणीही मोजलेलं नसतं. माझं भांडण या न मोजण्याशी आहे.

पुढची चाकं सरकली तर गाडी वळणाबाहेर रुंद जाते. स्टिअरिंग हलकं पडतं, चालकाला कळतं, त्यानं ॲक्सिलरेटर थोडा सोडला की बहुतेक वेळा ती सावरते. मागची चाकं सुटली की गाडी स्वतःभोवती फिरायला लागते. घाबरून पाय उचलला तर वजन पुढे जातं, मागच्या टायरवरचा भार आणखी घटतो आणि सुटणं वाढतं. म्हणजे माणसाचा पाय आपसूक जे करतो, त्यानंच मामला चिघळतो. म्हणून मागच्या सस्पेन्शनवर खर्च करताना दिखाऊपणाला जागा नाही.

दोनच गोष्टी समजून घ्या. वरून पाहिलं तर चाकाचं तोंड किंचित आत आहे की बाहेर, तो टो. मागून पाहिलं तर चाक उभं आहे की कललेलं, तो कॅम्बर. गाडी उभी असताना हे आकडे ठरलेले असतात. ती वळणात झुकली, खड्ड्यात बसली, ब्रेक लागला की बदलतात. मागच्या सस्पेन्शनची सगळी अक्कल या बदलात साठवलेली असते. मागचं चाक वळणाच्या ऐन भरात बाहेर तोंड करायला लागलं, तर ती गाडी मागूनही स्टिअर होते आहे, आणि ते स्टिअरिंग चालकाच्या हातात नाही.

माझं म्हणणं एका वाक्याचं आहे: मागचं चाक आवळण्याआधी त्याला वळण लावा. बदनाम गाड्या सुधारताना कारखान्यांनी हेच केलं, आणि दुकानं आज नेमकं उलटं विकतात.

शेव्हरोलेची कॉर्व्हेर पाहा. 1960 सालचं मॉडेल. मागे सहा सिलिंडरचं, हवेनं थंड होणारं इंजिन आणि स्विंग ॲक्सल. स्विंग ॲक्सलमध्ये अर्ध्या ॲक्सलला फक्त आतल्या टोकाला, गिअरच्या डब्याजवळ जॉइंट असतो. त्यामुळं चाक सरळ वर-खाली न होता कमानीत फिरतं. जोरात वळताना गाडीचा मागचा भाग उचलला जातो, बाहेरचं चाक पोटाखाली दुमडतं, टायर एका कडेवर उभा राहतो आणि पकड एका झटक्यात जाते. वळणातलं झुकणं आवरणारा पुढचा अँटी-रोल बार कंपनीनं पैसे वाचवायला गाळला होता. त्याचं काम टायरच्या हवेवर सोपवलं: पुढे 15 पीएसआय, मागे 26. पंपावर कुणी चारही चाकांत सारखी हवा भरली की अभियंत्यांचा हिशेब तिथंच संपला.

दुरुस्ती काय झाली? 1964 साली पुढे बार आला, मागे स्प्रिंगचा एक आडवा पाटा आला आणि मागच्या स्प्रिंगा मऊ झाल्या. होय, मऊ. पाट्यानं वजनाचा वाटा उचलला आणि चाकाचं दुमडणं आवरलं. 1965 साली स्विंग ॲक्सलच काढून पूर्णपणे नवं स्वतंत्र सस्पेन्शन दिलं. राल्फ नेडर यांचं ‘अनसेफ ॲट एनी स्पीड’ त्याच वर्षाच्या अखेरीस आलं आणि त्याच्या पहिल्याच प्रकरणात कॉर्व्हेर होती. पुढे 1972 मध्ये अमेरिकी सरकारच्या रस्ते सुरक्षा यंत्रणेनं, ही गाडी त्या काळच्या इतर गाड्यांहून अधिक धोक्याची नव्हती, असा अहवाल दिला. वाद कुणी जिंकला यात मला रस नाही. मला त्या दुरुस्तीचा क्रम महत्त्वाचा वाटतो: पुढे ताठर, मागे मऊ, आणि चाकाच्या कलण्यावर ताबा.

ट्रायम्फ स्पिटफायरची कथा तीच. 1962 ची ही छोटी ब्रिटिश स्पोर्ट्‌स कार ट्रायम्फच्याच हेराल्ड गाडीच्या सांगाड्यावर बेतलेली. ही हेराल्ड आपल्याकडे मद्रासच्या स्टँडर्ड कंपनीनं बनवली, त्यामुळं मागचं चाक पोटाखाली घेण्याची तिची खोड आपल्या जुन्या मेकॅनिकांच्या ओळखीची. पुढं गझेल ही गाडी काढताना मद्रासवाल्यांनी स्विंग ॲक्सल सोडून सरळ अखंड ॲक्सल बसवला. इंग्लंडमध्ये 1970 च्या स्पिटफायर मार्क 4 ला वेगळा उपाय मिळाला. मागच्या आडव्या पाट्यांच्या थप्पीतला एक पाटा घट्ट ठेवला, बाकीचे मध्यावर झुलते सोडले. गाडी झुकताना मागची ताठरता घटली. पुढचा बार जाड केला. गाडी माणसाळली. आज याच गाडीचा मालक मागे जाड बार शोधत फिरत असेल, तर त्यानं कारखान्याचा धडा वाचलेला नाही.

पोर्शे 911 ला मागच्या इंजिनाचा भार जन्मापासून. 1969 च्या मॉडेलसाठी पोर्शेनं मागची चाकं 57 मिलिमीटर मागे सरकवली. इंजिन होतं तिथंच राहिलं, चाकं त्याच्या जवळ गेली. 1977 ची 928 आणखी पुढं गेली. तोवरच्या अनेक मागच्या सस्पेन्शनांत पाय उचलला की रबरी बुश दबत आणि चाक बाहेर तोंड करी. पोर्शेच्या वायसाख केंद्रातल्या अभियंत्यांनी पुढचा सांधाच असा रचला की तोच जोर चाकाला किंचित आत वळवील. म्हणजे घाबरून पाय उचलणाऱ्या माणसाला गाडीच सावरून घेते. 1993 च्या 911 ला, म्हणजे 993 ला, मागे अनेक दांड्यांचं नवं सस्पेन्शन मिळालं आणि पाय उचलताच शेपूट फेकण्याची तिची जुनी बदनामी मोडली.

जपान्यांचंही तेच. टोयोटा एमआर2 ची दुसरी पिढी मधोमध इंजिनाची, देखणी आणि अचानक फिरणारी. टोयोटानं 1990 च्या दशकाच्या सुरुवातीलाच मागच्या टो-दांड्या लांब केल्या आणि टायर बदलले. दांडी लांब केली की चाक वर-खाली होताना त्याचं तोंड कमी फिरतं. होंडा एस2000 ची 1999 ची गाडी मागून तीक्ष्ण. 2004 च्या मॉडेलमध्ये होंडानं वळणात मागच्या चाकाचं तोंड फिरणं कमी केलं. या सगळ्या नामांकित कारखान्यांनी पैसा ओतला तो चाकाच्या तोंडावर आणि उभं राहण्यावर.

आता दुकानातले चार सल्ले घेऊ.

पहिला: ‘गाडी खाली बसवा.’ खाली बसवल्यानं गुरुत्वमध्य खाली येतो, वळणात बाहेरच्या चाकांवर सरकणारा भार कमी होतो, हे खरं. पण मागच्या दांड्या ज्या उंचीसाठी आखल्या होत्या, ती उंची तुम्ही मोडलीत. बीएमडब्ल्यू झेड3 च्या मागे तिरक्या झुलणाऱ्या बाहूंचं सस्पेन्शन आहे. ते खाली बसवलं की कॅम्बर वाढतो, टोसुद्धा सरकतो आणि टायर आतल्या कडेनं झिजून तार दाखवायला लागतो. ते सुधारायला भोक मध्यापासून सरकलेले विकेंद्री बुश लागतात. स्प्रिंग विकणारा त्यांचं नाव काढत नाही. 2005 ते 2014 च्या फोर्ड मस्टँगला मागे अखंड ॲक्सल आणि त्याला बाजूनं धरणारी एक पॅनहार्ड दांडी असते. ती दांडी कमानीत फिरते, म्हणून गाडी खाली बसली की अख्खा ॲक्सल एका बाजूला सरकतो. तिथं लांबी जुळवता येणारी दांडी घ्यावी, किंवा जेम्स वॅटनं 1784 मध्ये वाफेच्या इंजिनासाठी शोधलेल्या जोडणीवरून बेतलेली वॅट लिंकेज घ्यावी, जी ॲक्सलला मध्यावर धरून जवळपास सरळ रेषेत वर-खाली करते. स्प्रिंग मग.

आणखी एक. गाडी खाली बसली की चाकाला वर यायला जागा कमी उरते. वळणातल्या एका उंचवट्यावर सस्पेन्शन बंप स्टॉपवर, म्हणजे शेवटच्या रबरी ठोकळ्यावर, आपटतं, ताठरता क्षणात अनेकपट होते आणि मागचा टायर पकड सोडतो. चालकाला वाटतं, गाडी बेभरवशाची आहे. तिची जागा तुम्ही काढून घेतलीत, एवढंच. आपल्याकडे तर इंडियन रोड्‌स काँग्रेसनं 1988 मध्ये गोल गतिरोधकाचं माप 10 सेंटिमीटर उंच आणि 3.7 मीटर रुंद असं ठरवून दिलं, आणि या मापाला न जुमानणारे गतिरोधक पुण्यात, ठाण्यात, मडगावात गल्लोगल्ली आहेत. इथं रोज चालवायची गाडी दोन इंच खाली बसवणं म्हणजे हाताळणी विकून दिखावा विकत घेणं.

दुसरा: ‘कडक करा.’ किती कडक? कशाच्या मानानं? स्प्रिंगच्या डब्यावरचा आकडा चाकाशी पोचत नाही. स्प्रिंग बाहूवर आत बसलेली असते, म्हणून चाक जितकं हलतं त्याहून ती कमी दबते. समजा चाक 10 मिलिमीटर वर गेलं आणि स्प्रिंग 7 दबली, तर चाकाशी जाणवणारी ताठरता 0.7 च्या वर्गाइतकी, म्हणजे जवळपास निम्मी. पुढचं आणि मागचं हे गुणोत्तर वेगळं असतं. त्यामुळं चारही कोपऱ्यांना ‘एकसारखी कडक’ स्प्रिंग बसवली तरी गाडीचा तोल बदलतो, आणि कुणीकडे बदलला हे हिशेब मांडल्याशिवाय कळत नाही. हा हिशेब पाचवीतल्या मुलाला येईल इतका सोपा आहे. दुकानदाराला तो विचारा. उत्तर आलं नाही, तर उठा.

शिवाय टायर पकड देतो तो जमिनीला टेकलेला असताना. खडबडीत रस्त्यावर फार कडक स्प्रिंग चाकाला उंचवट्यावरून उडवते. 1962 ची लोटस एलान आजही उत्तम हाताळणीचं उदाहरण म्हणून दाखवतात. तिच्या स्प्रिंगा मऊ होत्या आणि चाकांवरचा ताबा पक्का होता. स्प्रिंग बदलली तर शॉकअप तिला साजेसा हवा. कडक स्प्रिंगवर जुना थकलेला शॉकअप ठेवला तर स्प्रिंग उसळत राहते आणि गाडी वळणात डोलत जाते. पैसे एकाच गोष्टीला पुरत असतील तर मूळ स्प्रिंग ठेवून चांगले शॉकअप घ्या. या बाबतीत मला काडीचाही संशय नाही.

तिसरा: ‘मागे जाड बार लावा.’ अँटी-रोल बार डाव्या-उजव्या चाकांना बांधतो. मागचा बार जाड केला की वळणातल्या भाराची जास्त वाटणी मागच्या बाहेरच्या टायरवर पडते. पुढून रुंद जाणाऱ्या गाडीला त्यानं थोडं वळण येतं, हे बरोबर. पण मागे सुटणाऱ्या गाडीला हा बार म्हणजे आगीत तेल. त्यातून मागच्या चाकांना शक्ती देणाऱ्या गाडीत आतलं चाक हलकं होतं. साधा डिफरन्शियल असेल तर सगळी ताकद त्या हलक्या चाकात वाया जाते आणि वळणातून बाहेर पडताना ते चाक नुसतंच गरगरतं. बार घ्यायचाच असेल तर अनेक भोकांचा, जुळवता येणारा घ्या. सर्वांत मऊ भोकापासून सुरुवात करा. आणि तो सगळ्यात शेवटी घ्या.

चौथा: ‘रबर काढून टाका.’ रबरी बुश जुने झाले, फाटले, तर बदलायलाच हवेत. पण नवे रबर आणि पॉलीयुरेथेन यांत नुसता कडकपणाचा फरक नाही. मागचा बाहू एकाच दिशेनं फिरत असेल तर पॉलीयुरेथेन चालतं. तो एकाच वेळी दोन-तीन दिशांनी पिळला जात असेल, तर कडक बुश अडकतो, सस्पेन्शन झटक्याझटक्यानं हलतं आणि शेवटी ताण बाहूच्या किंवा चॅसीच्या धातूवर येतो. शिवाय 928 आठवा: तिथं ठरावीक दिशेनं, ठरावीक मापानं हलणं हीच चाकाला सावरणारी युक्ती होती. असं हलणं आळशीपणानं ठेवलेलं नसतं. ते कारखान्यात विचारपूर्वक आखलेलं असतं. सगळ्या सांध्यांना एकच कडक औषध देणारा मेकॅनिक तुमच्या गाडीतला शहाणपणा उपटून फेकतो आहे.

मग पैसे कुठं घालायचे? क्रमानं सांगतो.

आधी टायर. चारही एका जातीचे, योग्य मापाचे आणि ताजे. टायरच्या कडेवर चार अंकी शिक्का असतो. 2319 म्हणजे 2019 सालचा 23 वा आठवडा. खोबणी खोल दिसली तरी जुनं रबर दगड झालेलं असतं. हवा थंड टायरमध्ये, चांगल्या मापकानं भरा आणि पुढे-मागे वेगळी सांगितली असेल तर वेगळीच भरा. कॉर्व्हेरच्या मालकांना हे कुणी नीट सांगितलं नाही.

दुसरं, झीज. बुश, बॉल जॉइंट, बेअरिंग, शॉकअपची गळती. मागचा एक फाटका बुश चाकाला मनाला येईल तसं तोंड फिरवू देतो. त्यावर लाखाचा कॉइलओव्हर (स्प्रिंग-शॉकअपचा जोडसंच) बसवून काहीही सुधारणार नाही.

तिसरं, चारही चाकांचं अलाइनमेंट. फक्त पुढच्या दोन चाकांचं करून मोकळं होणारं गॅरेज नको. चालकाच्या वजनासह, इंधनाची टाकी अर्धी ठेवून मोजायला लावा. मागे दोन्ही बाजूंना सारखा, किंचित आतला टो. कॅम्बर दोन्हीकडे जुळता. आणि आधीचे व नंतरचे आकडे छापील. माझदा एमएक्स-5 मध्ये चारही चाकांचा टो आणि कॅम्बर कारखान्यानं ठेवलेल्या सोयीनंच जुळवता येतो. तिच्या मालकानं एकही सुटा भाग विकत न घेता गाडीचा स्वभाव बदलून पाहावा. टोयोटा जीटी86 च्या मागे टो जुळतो, कॅम्बर नाही. तिथं जुळवता येणारा मागचा खालचा बाहू ही पहिली खरी खरेदी. झेड3 ला विकेंद्री बुश, मस्टँगला पॅनहार्ड किंवा वॅट, जुन्या स्पिटफायरला चाकाचं दुमडणं आवरणारा पाटा. प्रत्येक गाडीचं दुखणं वेगळं आणि त्या दुखण्याचं नाव आधी कळलं पाहिजे.

मग शॉकअप, मग स्प्रिंग, आणि बार शेवटी. प्रत्येक वेळी एकच बदल. दोन बदल एकदम केलेत तर कशामुळं काय झालं हे कधीच कळणार नाही. तपासणी सार्वजनिक घाटात करू नका. ताम्हिणीत समोरून एसटी येते आणि तिच्यात माणसं असतात. बंद ट्रॅकवर, त्याच वळणात, त्याच वेगानं गाडी न्या. थांबल्याबरोबर टायरची उष्णता आत, मध्ये आणि बाहेर अशी तीन ठिकाणी मोजा. बाहेरची कड फार तापली तर कॅम्बर कमी पडतो आहे, आतली फार तापली तर जास्त झाला आहे, मधली तापली तर हवा जास्त आहे. या तीन आकड्यांत जितकी माहिती आहे तितकी कुठल्याही जाहिरातीत नाही.

कायद्याचंही भान ठेवा. मोटार वाहन कायद्याचं कलम 52 नोंदणी प्रमाणपत्रातल्या, कारखान्यानं ठरवलेल्या तपशिलांशी विसंगत ठरणारे बदल करू देत नाही. गाडीत काहीही बदलण्याआधी आरटीओत आणि विमा कंपनीत लेखी विचारा. अपघातानंतर विचारायला फार उशीर झालेला असतो.

मला वेगवान गाड्या मनापासून आवडतात, म्हणूनच हे इतक्या जोरात सांगतो आहे. चांगली हाताळणी म्हणजे मजा, आणि तीच सुरक्षितता. ती मोजमापातून येते. पुढच्या वेळी दुकानात जाल तेव्हा काउंटरवर सगळ्यात आधी चारही चाकांच्या अलाइनमेंटचा छापील कागद ठेवा. तो न वाचता जो माणूस तुम्हाला स्प्रिंगचा डबा दाखवेल, त्याच्याकडून एक बोल्टसुद्धा घेऊ नका.